कच्चं नकाशावर, पक्कं शीटवर

भिलाई, सेक्टर ६
४ फेब्रुवारी २०२५

नागसेन, जय भीम.

संस्कृतात पत्राची सुरुवात 'अत्र कुशलम्' अशी करतात. सत्तावीस वर्षं मी हे फळ्यावर लिहून देते आणि वर सांगते, की खरं नसेल तर लिहू नका. म्हणून ते गाळून पुढे जाते.

तुझा भुसावळचा पत्ता तुझ्या जुन्या दोस्ताकडून, हेमराजकडून घेतला. त्याच्यावर चिडू नको, त्याने सहजासहजी दिला नाही. "ताई, नागसेन मले खाऊन टाकन," असं दोनदा म्हणाला, मग चहा प्याला, मग दिला. तुझा नंबर माझ्याकडे आहे, पण तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं. ते उचलावं लागत नाही, दाराखालून आपलं आपण आत येतं.

कामाचं लिहिते. बाबा गेल्यावरही त्यांच्या नावावर राहिलेलं हे क्वार्टर ३१ मार्चला सोडायचं आहे. मुदत संपली, कुणाशी भांडण नाही. मी कुम्हारीला दोन खोल्या घेतल्या आहेत. तिथे माझी पुस्तकं, बाबांची खुर्ची आणि मी एवढंच मावतं, तेही आम्ही तिघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं तर. उरलेलं घर रोज शाळेतून आल्यावर थोडं थोडं आवरते. एक कपाट रिकामं करते आणि बसून राहते. चौपन्नाव्या वर्षी वस्तूंपेक्षा त्या उचलणारे हात जड होतात.

मागच्या खोलीतल्या पलंगाखाली समीक्षाच्या चित्रांच्या सहा फायली आहेत. रीना गेली तेव्हा तुझी पोरगी चार वर्षांची होती. मालगाडी चालवणाऱ्या माणसाला घरी कधी येणार ते स्वतःलाच ठाऊक नसतं, म्हणून तिला माझ्याकडे सोडलंस. दहाची झाली तेव्हा घेऊन गेलास. वर्षाला एक, अशा सहा फायली. शाळेत जे जे काढलं, कापलं, चिकटवलं ते सगळं त्यांत आहे. निम्म्या चित्रांत रेल्वे आहे, आणि ती नेहमी उजवीकडून डावीकडे, म्हणजे घराकडे येते. कापसाचा ससा होता, त्याचा कापूस झुरळांनी नेला. डाळी चिकटवलेला मोर होता, त्याची डाळ उंदरांनी खाल्ली. आता तो निव्वळ गोंदाचा मोर आहे.

आणि प्रत्येक चित्रावर माझ्या लाल पेनाचे नंबर. दहापैकी. 'मालगाडीला चाकं सहाच? बापाला विचार. ६.' 'सूर्याला डोळे नसतात. ७.' सात वर्षांच्या मुलीच्या सूर्याला सात देणारी बाई कोण होती, हे मी आता दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही.

तर प्रश्न साधा आहे. या सहा फायलींचं काय करू? तुला हव्यात? समीक्षाला? ती आता विशीची झाली, तिलाच विचार. पंधरा दिवस वाट पाहते.

ताई


२० फेब्रुवारी

नागसेन,

सोळा दिवस झाले. एक दिवस टपालखात्याला जास्तीचा दिला.

तुझं उत्तर नाही, पण सल्ले मिळाले. आमच्या शाळेत स्नेहल म्हणून नवी मुलगी आली आहे, कॉम्प्युटर शिकवते. ती म्हणाली, "मॅम, एक-एक की फोटो ले लो, फिर फेक दो. इतना इमोशनल क्यों होना?" मी तिचं ऐकलं. शनिवारी खिडकीखाली चटई टाकून एकेक चित्र ठेवलं आणि फोटो काढले. बासष्टाव्या फोटोला मोबाइल म्हणाला जागा संपली, यातलं काय काढून टाकू ते सांगा. हाच प्रश्न मी तुला विचारला होता. मोबाइलने निदान तोंड उघडलं तरी.

वरच्या मजल्यावरच्या गयाबाई आठवतात ना, ज्यांच्या पापडांवर तू क्रिकेटचा बॉल मारायचास? त्या मला वाकलेली बघून दारातच उभ्या राहिल्या.

"अवो मास्तरीणबाई, कायले जीव काढून राहिल्या? माह्या मोनूचे चित्र मी डब्यायखाली आथरले. तेलाच्या डब्याखाली वाघ, मिठाच्या डब्याखाली तिरंगा."

"आणि तेल सांडलं तर?"

"तं वाघ पुसते. वाघाचं का बिघडते?"

नातवाचा वाघ त्यांना रोज फोडणीच्या वेळी भेटतो. माझ्या सहा फायली दहा वर्षं पलंगाखाली नीट बांधलेल्या आहेत, आणि या पंधरवड्यापर्यंत मी त्या उघडल्याही नव्हत्या. कुणी चित्रं जास्त जपली, याचा निकाल मी गयाबाईंच्या बाजूने देते.

फायलींत सगळं पक्कं काम आहे. कच्चं नाही. आपल्या घरची पद्धत तुला सांगायला नको, पण समीक्षा विसरली असेल म्हणून लिहिते, तिला वाचून दाखव. बाबा स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, नकाशे गिरवून उतरवायचे. तिथे रद्द झालेले प्रिंट साहेबाची सही घेऊन घरी आणायचे, निळ्या रेघांचे, अमोनियाच्या वासाचे. मागची बाजू कोरी. आधी त्या कोऱ्या बाजूवर कच्चं काढायचं, मग ते तपासून घ्यायचं, मग विकतच्या शीटवर पक्कं. पक्कं झालं की कच्चं फाडून शेगडीत. "दोन नकाशे राह्यले का मिस्त्री चुकीचा धरते," असं बाबा म्हणायचे. तुझ्या विमानांचं कच्चं आणि माझ्या फुलदाण्यांचं कच्चं असंच जळलं. समीक्षाचं तपासायचं काम बाबांनी माझ्याकडे दिलं होतं. नात आहे, आपल्याच्यानं कडक होणार नाही, म्हणाले. मी झाले.

ज्यावरून आपलं बोलणं बंद झालं ते चित्र सहाव्या फाइलीत सापडलं. 'मेरा परिवार'. शाळेच्या प्रदर्शनात पहिल्या रांगेत लावलं होतं. बाबा खुर्चीत, तू इंजिनात, मी चष्म्यासकट, ती स्वतः मधे. तू ड्यूटीवरून तसाच आला होतास, निळ्या शर्टावर. चित्रासमोर बराच वेळ उभा राहिलास. मग जे म्हणालास ते मला शब्दशः पाठ आहे. पाठांतर हा माझा धंदा आहे. "ताई, यात रीना कुठी आहे? माह्या पोरीले तिची माय भुलवली तू."

मी म्हणाले होते, "लहान आहे रे ती. मुलं विसरतात."

महिन्याभरात तू सिनिऑरिटी सोडून भुसावळला बदली मागून घेतलीस.

ते चित्र मी परत फाइलीत ठेवलं आहे. त्यावर नऊ नंबर आहेत. माझ्याकडून नऊ म्हणजे किती, ते तुला माहीत आहे.

ताई


५ मार्च

नागसेन,

फायली गेल्या. सहाही. तुला राग आला तर तो कळवायला पत्र लिहावं लागेल, तेवढा एक फायदा मी धरून चालले आहे.

आपल्या गल्लीत फकिरा येतो, रद्दीची सायकलगाडी घेऊन. जुना माणूस आहे. बाबा त्याला बसवून चहा द्यायचे आणि प्लांटमधल्या भट्ट्यांची नावं त्याच्याकडून वदवून घ्यायचे. मी त्याला फायली दिल्या, सासरी पोरगी द्यावी तसा त्याला उपदेश केला, आणि दार लावून घेतलं. सोबत बाबांच्या जुन्या नकाशांची एक गुंडाळीही चुकून गेली असावी.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघते तोच तो दारात. हातात ती गुंडाळी.

"मैडम, ये वापस रखो."

"कावून? कागदच तर आहे."

"कागज नहीं है मैडम, इसमें प्लांट का ठप्पा है. नंबर है, सही है, सब है. नाके पे पकड़ेंगे तो क्या बोलूंगा? फकिरा बुढ़ापे में नक्शा बेच रहा है?"

"फकिरा, रद्दचा शिक्का पण आहे त्यावर. हे बघ. चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. ती मशीन आता प्लांटातही नसेल."

"वो आप पढ़ लेते हो. पकड़ने वाला पढ़ के नहीं पकड़ता."

 मी एम.ए. आहे, पण हा माणूस न्यायशास्त्र कोळून प्यालेला आहे. बाबांनी मला संस्कृत घ्यायला लावलं तेव्हा म्हणाले होते, "ज्या कुलपाची चावी आपल्याले कधी देल्ली नाही, ते उघडून तर पाह्य." मी उघडलं. आत चाळीस पोरं 'देवः देवौ देवाः' घोकत बसली होती आणि त्यांतली तीस डबा खायची वाट बघत होती. वाद घालायला मी तिथेच शिकले, तरी फकिरापुढे हरले.

गुंडाळी त्याने खुर्चीवर ठेवली आणि घंटी वाजवत गेला. अजून तिथेच आहे. मी शाळेतून येते, तिच्याकडे बघते आणि दुसरं काहीतरी बांधायला घेते. भांडी झाली. चादरी झाल्या. आता बांधायला फारसं उरलं नाही.

ताई


७ मार्च

नागसेन,

परवाच्या पत्रात एक खोटं वाक्य आहे. गुंडाळी चुकून गेली नव्हती. मी ती फायलींच्या मधोमध घालून, वर दोन गाठी मारून दिली होती.

ती बाबांची नाही. नकाशे बाबांचे, पण ते बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला समीक्षाची चित्रं आहेत. कच्ची. नऊ.

नऊही रीनाची आहेत.

मुलं विसरतात, असं मी तुला म्हणाले होते. तुझी पोरगी विसरली नव्हती. पाच वर्षांची असल्यापासून ती आई काढत होती. शाळेत 'मेरी माँ' आलं की आई, 'मेरा घर' आलं की दारात आई, 'बारिश' आलं की छत्रीत आई. कच्चं काढून माझ्याकडे तपासायला आणायची, पद्धतीप्रमाणे. मी ते ठेवून घ्यायची आणि म्हणायची, दुसरं काढ. ती दुसरं काढायची, त्यात आई नसायची, मी नंबर द्यायची. 'मेरा परिवार' शेवटचं. त्याच्या कच्च्यात रीना होती, तुझ्या इंजिनाशेजारी उभी. पक्क्यात तू जे पाहिलंस ते मी तपासून पास केलेलं कुटुंब होतं.

कावून केलं हे विचारशील. मी दहा वर्षं स्वतःला सांगत आले, की पोरीच्या भल्यासाठी. ते उत्तर अर्धं आहे. मी मुलांना अर्ध्या उत्तराला अर्धेच नंबर देते.

उरलेलं अर्धं हे. रीना स्कूटरवरून पडली, डोक्याला लागलं, अकरा दिवस दवाखान्यात होती. तू बजावून ठेवलं होतंस, समीक्षाला तिथे आणायचं नाही. सातव्या दिवशी तू खाली औषधांच्या रांगेत असताना मी तिला वर नेलं. दिवसभर आई आई करत होती. मला वाटलं, लांबून दाखवते, शांत होईल. काचेतून तिने रीनाचं ते पांढऱ्या पट्टीतलं डोकं पाहिलं आणि अशी किंचाळली की नर्स धावत आली. मी तिला उचलून मागच्या जिन्याने खाली उतरले. तुला सांगितलं नाही. बाबांना नाही. कुणाला नाही.

वर्षभराने तिने पहिली आई काढली आणि माझ्यापुढे धरली. रीनाच्या डोक्याला पांढरी गुंडाळी होती. चित्रात बाकी सगळ्याला रंग होता. डोक्यावर तेवढा कोरा कागद सोडलेला. दुसऱ्या चित्रात तेच. नऊही चित्रांत तेच. नागसेन, ती जे काढत होती ते मी तिला दाखवलं होतं. दर वेळी ती ते चित्र आणून माझ्याच हातात देत होती. तू ते पाहिलं असतंस तर एका नजरेत ओळखलं असतंस, की हिला ही पट्टी कुठे दिसली.

म्हणून तू जेव्हा प्रदर्शनात म्हणालास की मी तिला आई विसरायला लावली, तेव्हा मी तो आरोप घेतला. खरा आरोप त्याच्यापेक्षा वाईट होता.

बाबांच्या नियमाप्रमाणे कच्चं फाडायला हवं होतं. पण तो नियम पक्कं झाल्यानंतरचा आहे. या नऊंचं पक्कं कधी झालंच नाही. म्हणून फाडता आली नाहीत, म्हणून नकाशांत गुंडाळली, आणि शेवटी फकिराच्या गाडीत घातली. तोही घेईना.

आता सांग, यांचं काय करू? या वेळी पंधरा दिवसांची मुदत घालत नाही. ३१ मार्च आहेच.

ताई


१८ मार्च

नागसेन,

काल दुपारी समीक्षाचा फोन आला. तू पत्रं तिला दिलीस हे तिच्याकडून कळलं. "पप्पांनी चारही लेटर ड्यूटीच्या पेटीत ठेवले होते आत्या, टॉर्चच्या खाली. मला परवा दिले. बोलले काहीच नाही, बस दे दिया." मालगाडीबरोबर माझी पत्रं किती किलोमीटर फिरली असतील, याचा हिशेब रेल्वेने ठेवला तर बरं होईल.

आवाज तिचा तुझ्यासारखा आहे. शब्द कमी, मधे लांब थांबे.

आधी मी बोलले. माफी मागायची असते तेव्हा माझी भाषा फार शुद्ध होते, तू लहानपणी त्यावर हसायचास. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, एक मिनट. पट्टी? कौनसी पट्टी?"

मी म्हणाले, "डोक्याची. दवाखान्यातली. तू काढायचीस ती."

"वो टॉवेल है."

मी खुर्चीवरची गुंडाळी ओढून घेतली.

"टॉवेल आत्या. तुम्ही स्कूलला गेल्यावर मम्मी डोक्यावरून नहायची ना, मग टॉवेल बांधून तिथे क्वार्टरच्या मागच्या दारी कपडे वाळत घालायची. जामाच्या झाडापाशी. मी खाली चिमटे धरून बसायची. मला मम्मी तशीच याद आहे. दवाखाना मला काहीच याद नाही. मी गेली होती का?"

नागसेन, मी लोकांना ओळ फोडून अर्थ लावायला शिकवते. पदच्छेद, अन्वय, मग अर्थ. या नऊ चित्रांत ते जामाचं, पेरूचं, झाड आहे. दोरी आहे. दोरीवर तुझा निळा शर्ट आहे. मी फोनवर बोलता बोलता गुंडाळी उघडली आणि बघितलं. इंजिनापाशी उभी आहे त्या चित्रातसुद्धा तिच्या हातात चिमटे आहेत. चिमटे, रे. दवाखान्यात कोण चिमटे धरून उभं राहतं? सगळं समोर लिहिलेलं होतं. मी वरचा पांढरा ठिपका वाचला आणि वही मिटली. तुला हे टॉवेलचं माहीत असणार. तू पाहिलं असतंस तर खरंच एका नजरेत ओळखलं असतंस, पण वेगळंच.

मग तिने विचारलं, "तुम्ही त्यांना नंबर कावून नाही दिले?"

मी विचारलं, म्हणजे?

"बाकी सगळ्यांना द्यायच्या. चार तरी द्यायच्या. मम्मीचं ड्रॉइंग दिलं की ते वापसच यायचं नाही. मला वाटायचं, इतना खराब है की नंबर भी नहीं. मग मी मम्मी काढणं सोडून दिलं. भुसावळला आल्यावर मग सगळंच सोडलं. आता मी सरळ लाइन पण नाही मारत."

तिला सांगायला माझ्याकडे खूप होतं, आणि त्यातलं एकही तिच्या उपयोगाचं नव्हतं. मी म्हणाले, ये. क्वार्टर तीसपर्यंत आपलं आहे. झाड अजून आहे. तिने बघते म्हणून फोन ठेवला.

एक गोष्ट तिला सांगितली नाही, तुला सांगते. रविवारी गयाबाई पावर हाउसच्या बाजारातून फुटाणे घेऊन आल्या. पुडी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "हे तं तुमचंच अक्षर दिसते, बाई." पुडीवर पिवळा सूर्य होता, दोन डोळ्यांचा. खाली लाल शाईत लिहिलेलं, सूर्याला डोळे नसतात. फुटाणे मी त्यांच्या वाटीत ओतून दिले आणि पुडी ठेवून घेतली. मोबाइलमधले एकसष्ट फोटो सोडले, तर सहा फायलींतलं एवढंच परत आलं. बाकीचं मी वाचवायला हवं होतं, आणि ते मी माझ्या हाताने बांधून दिलं. ते तिला मलाच सांगावं लागेल.

ताई


३१ मार्च

नागसेन,

हे पत्र समीक्षाबरोबर पाठवते आहे, म्हणून या वेळी दाराखालून येणार नाही.

ती परवा दुपारच्या गाडीने आली. स्टेशनवर मी तिला ओळखलं नाही, तिनेच चष्म्यावरून मला ओळखलं. हातात कागदाची लांब नळी. विचारलं तर म्हणाली, "पप्पांनी दिलं. बोलले, ताईले दे, तिले समजन." घरी येऊन उघडली. आत एक ड्रॉइंग शीट. कोरी, जाड, फुल साइझ. चिठ्ठी नाही. दहा वर्षांत तू मला पाठवलेलं हे पहिलं उत्तर, आणि त्यावर एक अक्षर नाही. पण कच्चं झाल्यावर काय करायचं असतं, हे आपल्या घरात शिकलेल्याला अक्षर कशाला लागतं?

आधी मी तिला फायलींचं सांगितलं. ती रागावली. चांगली रागावली, तुझ्यासारखी, आवाज न चढवता. "सहाच्या सहा? एक पण नाही ठेवली?" मी सूर्याची पुडी दिली. तिने ती उलटसुलट पाहिली. "फक्त सात?" म्हणाली. मग मागच्या दारी जाऊन बराच वेळ बसून राहिली. मी गेले नाही. जेवायला आली तेव्हा गयाबाईंनी पाठवलेली भाजी तिने दोनदा घेतली, एवढ्यावर मी समाधान मानलं.

काल सकाळी तिने गुंडाळी उघडली. घर रिकामं, फरशी मोकळी. नऊही चित्रं ओळीने मांडली आणि कोपऱ्यांवर माझे शब्दकोश ठेवले. त्या कोशांचा इतका योग्य उपयोग आजवर झाला नव्हता. गयाबाई ताक घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "हे तं रीना होय," म्हणाल्या. "असाच टावेल बांधे ते. मी वरतून पाहो ना." वर राहणाऱ्या बाईला जे गॅलरीतून दिसत होतं ते मला हातात धरून दिसलं नव्हतं.

मग समीक्षाने तुझी शीट पसरली. पेन्सिल स्वयंपाकघरात सापडली, वाण्याची यादी लिहायची, बोटभर. रंग गयाबाईंच्या मोनूचे, अर्धे मोडलेले. पहिली रेघ वाकडी आली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, हे मी फार उशिरा शिकले आहे. तिने रेघ खोडली नाही, तिचंच झाड केलं. दिवसभर काढत होती. मधे एकदा विचारलं, "आजोबांची खुर्ची अशीच होती ना?" मी म्हणाले, खुर्ची बाहेर टेम्पोत बांधायला ठेवली आहे, जाऊन बघ. ती बघून आली.

संध्याकाळी पूर्ण झालं. तिने ते उचललं आणि माझ्यापुढे धरलं, दोन्ही हातांनी, वर डोकं न काढता, पाच वर्षांची असताना धरायची तसंच. "घ्या. तपासा."

माझ्या पर्समध्ये लाल पेन कायम असतं. काढलंही. टोपण उघडलं आणि लक्षात आलं, की हा अधिकार माझा नव्हताच. बाबांनी दिला, मी घेतला, आणि त्यात एक माणूस गाळलं. मी तिला म्हणाले, हे बापाकडून तपासून घे. त्याने शीट दिली आहे.

आज सकाळी किल्ली देऊन आलो. परतताना फकिरा भेटला, त्याने गुंडाळी समीक्षाच्या हातात पाहिली आणि म्हणाला, "बिटिया, ट्रेन में संभाल के, प्लांट का ठप्पा है." ती म्हणाली, "काका, अंदर मेरी मम्मी है." तो गाडी थांबवून उतरला आणि तिला सुतळी बांधून दिली.

नऊही कच्ची आम्ही फाडली नाहीत. पक्कं झालं तरी फाडली नाहीत. बाबांचा नियम मोडला, त्यांना मी समजावेन. दोन नकाशे राहिले तर मिस्त्री चुकीचा धरतो हे खरं आहे. एकच ठेवला तरी मी चुकीचाच धरला होता.

पक्क्या चित्रात कोण कोण आहे ते लिहीत नाही. तुला चित्र दाखवायच्या आधी मी एकदा त्यात ढवळाढवळ केली होती. तूच उघड. एवढंच सांगते, की माझ्या चष्म्याच्या एका काडीला तिने कानापर्यंत नेलेलं नाही. ती चूक दिसली की नंबर कापू नको.

लाल पेन सोबत पाठवते आहे.

ताई